मोजे काढून पाय कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या आरोग्य पानावर मागच्या आठवड्यात मधुमेहावर जे छापून आलं ते वाचून हे पत्र लिहितेय. बाकी सगळं ठीक होतं, गोड कमी खा, चाला, गोळ्या चुकवू नका वगैरे, ते कुणीही सांगतं. पण खाली घरगुती उपायांची जी चौकट होती ना, तिच्यावर माझा आक्षेप आहे, आणि जरा जोरात आहे. त्यात लिहिलंय की शुगरमुळे पायाला मुंग्या येत असतील, तळवे जळजळत असतील, पाय बधीर वाटत असतील तर रात्री झोपताना टबात सोसेल तितकं गरम पाणी घ्या, मूठभर मीठ टाका आणि पाय बुडवून बसा.

सोसेल तितकं. आता मला सांगा, ज्या माणसाचे पाय बधीर झालेत म्हणूनच तो हा उपाय करतोय, त्याला सोसतंय का नाही हे कळणार कसं?

मी इथे इंदूरलाच फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करते, आणि असे भाजलेले पाय बघितलेत. कुणी टबात पाय ठेवलेला, कुणी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सिगडीजवळ पाय करून बसलेला, कुणी शेकायची रबरी पिशवी पांघरुणात पायाशी घेऊन झोपलेला. सकाळी उठून बघतात तर टाचेला हा एवढा फोड. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच असतं, "पण दुखलं नाही हो काहीच."

तर थोडं कातडीच्या आत काय चालतं ते सांगते, कारण ते समजलं तर ही चौकट का धोक्याची आहे ते आपोआप कळेल.

गरम लागणं, चटका बसणं, टोचणं, हे आपल्याला कळतं ते उघड्या नर्व्ह-टोकांमुळे. उघडी म्हणजे खरंच उघडी, त्यांच्या शेवटाला कुठली गाठ नाही, आवरण नाही, नर्व्हचा धागा बारीक बारीक फाटे फुटत वर येतो आणि कातडीच्या अगदी वरच्या थरात पेशींच्या मधेमधे संपतो. या टोकांवर प्रोटीनच्या झडपा असतात. त्यातली एक आहे टीआरपीव्ही-१, ती साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की उघडते, बाहेरचे सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात, विजेचा एक बारीकसा सिग्नल तयार होतो आणि तो पाठीच्या कण्याकडे धावतो. हात-पाय मागे घ्यायचा हुकूम तर कण्यातूनच सुटतो, मेंदूला "भाजलं" हे कळेपर्यंत पाय मागे आलेला पण असतो. ही सगळी व्यवस्था शाबूत असेल तर "सोसेल तितकं" या शब्दांना काही अर्थ आहे. गीझरचं पाणी ६० अंशांपर्यंत सहज जातं आणि त्या पाण्यात चांगलं भाजायला पाचेक सेकंद पुरतात, धडधाकट माणूस एका सेकंदात पाय बाहेर काढेल. बधीर पायवाला टीव्ही बघत निवांत बसेल.

गंमत म्हणजे हीच झडप मिरचीतल्या कॅप्सेसिननं पण उघडते. इथल्या सराफा बाजारात रात्री गरमागरम गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जास्तीचा झणझणीत जिरावन मसाला मारून घेतला की जीभ पेटते, पण थर्मामीटर लावला तर मिरचीनं तोंडाचं तापमान वाढलेलं नसतं, झडप उघडली एवढंच, मेंदूला वाटतं आग लागली. वर पाणी प्यायलं तर काही होत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध नाहीतर दही घ्यावं लागतं. आणि पोपट जो आरामात हिरवी मिरची कुरतडत बसतो त्याला काही शौर्य लागत नाही, पक्ष्यांची ही झडप कॅप्सेसिनला दादच देत नाही. मिरचीवरूनच तर ही झडप सापडली, डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला, १९९७ मध्ये. पुढे स्पर्श आणि दाबाच्या झडपा आर्डेम पॅटापुटियन यांनी शोधल्या, बेरूतमध्ये जन्मलेले, अमेरिकेत गेलेले. त्यांच्या टीमनं बारीक काचेच्या सुईनं पेशीला टोचायचं, सिग्नल निघतो का बघायचं, आणि ७२ संशयित जनुकांपैकी एकेक बंद करत जायचं असला चिकाटीचा उद्योग केला तेव्हा कुठे पिएझो-१ ही झडप हाती लागली, मग पिएझो-२. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या पेपरात तेव्हा बातमी आली होती का आठवत नाही, आली असेल तर आतल्या पानावर.

पण चटका हा एकच भाग झाला. तळव्याच्या कातडीत बाकी मंडळी पण आहेत आणि त्यांची नावं ज्यांनी शोधली त्यांचीच आहेत. माइसनरच्या गाठी, या अगदी वर असतात, हलका स्पर्श झाला, काही सरकलं की लगेच बोलतात. मर्केलच्या चकत्या, या दाब आणि कडा, खडबडीतपणा सांगत राहतात. रुफिनी, कातडी ताणली गेली की. आणि खोलवर पॅसिनीच्या गाठी, एकावर एक पातळ थर, चांगली मिलिमीटरभर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी, ती कंप पकडते, दोन-अडीचशे हर्ट्झचा कंप तिला सगळ्यात आवडतो. पॅसिनी हा इटलीतला डॉक्टर, त्यानंच पुढे १८५४ मध्ये कॉलऱ्याचे जंतू पण मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही, नाव झालं ते नंतर जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखचं. असो.

यातली काही टोकं सतत बोलत नाहीत, बदल झाला की बोलतात आणि गप्प बसतात. म्हणून तर सकाळी घड्याळ बांधलं, जोडवी घातली, बनियन घातलं की दोन मिनिटांनी ते अंगावर आहे हे लक्षातही राहत नाही. आणि सगळीकडे ती सारखी दाट पण नाहीत. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवर टेकवलेली दोन टोकं वेगवेगळी कळतात, पाठीवर मात्र जवळपास चार सेंटिमीटरचं अंतर लागतं, नाहीतर एकच वाटतं. घरात हेअरपिन वाकवून मुलांबरोबर करून बघा, मजा येते. पाठ खाजत असताना "अजून वर, नाही नाही, डावीकडे, हां... थोडं खाली" हे जे चालतं ते त्याचमुळे, सांगणाऱ्यालाच नीट माहीत नसतं.

आता पायच का आधी जातात? हे मला पेशंट नेहमी विचारतात, की शुगर तर सगळ्या रक्तात आहे मग बधीर पायच का झाले. कारण लांबी. तळव्याच्या कातडीपर्यंत जी नर्व्ह पोचते तिची मूळ पेशी पायात नसतेच, ती असते कमरेत, कण्याच्या शेजारच्या गाठीत. तिथून तिचा एक धागा थेट अंगठ्यापर्यंत, म्हणजे एक पेशी आणि तिचा धागा मीटरभर. त्या टोकाला लागणारं सगळं सामान, प्रोटीन म्हणा, झडपा म्हणा, कमरेतल्या त्या पेशीत तयार होतं आणि धाग्याच्या आतून खाली जातं, आणि त्याचा सगळ्यात जलद वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. म्हणजे कमरेतून निघालेलं सामान अंगठ्याला पोचायला तीन-चार दिवस, तेही सगळं ठीक असेल तर. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की या धाग्यांचं आतलं कामकाज बिघडतं आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पण खराब होतात, मग सगळ्यात लांबचा धागा सगळ्यात आधी टोकाकडून मरायला लागतो. बोटं, मग तळवा, मग घोटा, मोजा घातल्यासारखी हद्द वर सरकते. गुडघ्याच्या आसपास आली की मग हाताची बोटं सुरू होतात. अशा पेशंटच्या कातडीचा बारीक तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहिला तर वरच्या थरातली ती उघडी टोकं विरळ झालेली दिसतात, काही ठिकाणी नसतातच.

आणि मरताना ती गुपचूप मरतील असंही नाही. कुणाची टोकं विनाकारण सिग्नल पाठवत सुटतात, मग रात्री तळवे जळतात, मुंग्या, करंट मारल्यासारखं होतं, पायावर चादर टेकलेली सहन होत नाही. हे लोक तरी डॉक्टरकडे जातात. पण मधुमेहात नर्व्ह खराब झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच त्रास जाणवत नाही. माझी काळजी या दुसऱ्यांची आहे. ते तुमची चौकट वाचतीलच असं नाही, पण वाचली तर त्यातलं पाणी सगळ्यात गरम त्यांचंच असणार.

एक काका आले होते मध्यंतरी, खांदा जाम झाला म्हणून, फ्रोजन शोल्डर, तो पण शुगरवाल्यांमध्ये जास्त होतो. रोज पहाटे फिरणारे, स्पोर्ट शूज, एकदम टापटीप. शुगर आहे म्हटल्यावर मी सवयीनं बूट-मोजे काढायला सांगितले. काकू सोबत होत्या, त्या म्हणाल्या "ताई, खांदा दुखतोय यांचा, पाय नाही." मी म्हटलं काढा तर खरं. डावा मोजा अंगठ्याच्या मागच्या बाजूला तळव्याला चिकटलेला होता, ओढल्यावर सुटला, खाली जखम, रुपयाच्या नाण्याएवढी, कडा पांढऱ्या पडलेल्या. बूट उलटा करून आपटला तर हरभऱ्याएवढी गिट्टी टपकन खाली पडली. त्या गिट्टीवरून काका किती दिवस फिरत होते देव जाणे. काकूंचा चेहरा उतरला आणि काका मला समजावत होते की बघा ना, शुगर कंट्रोलमध्ये आहे, रिपोर्ट दाखवू का, आणि खिशातून खरंच रिपोर्ट काढला. सगळे आकडे होते त्यात, जेवणाआधीचा, जेवणानंतरचा, तीन महिन्यांचा, क्रिएटिनीन, कोलेस्टेरॉल. ज्यांच्याकडे दर तीन महिन्यांनी जातात तिथे कधी कुणी पाय बघितले का विचारलं, तर म्हणाले "तिथे बूट बाहेर काढून जातो ना." बूट बाहेर निघतात, मोजे कुणी काढायला सांगत नाही.

हे काही त्या एका दवाखान्याचं नाही, सगळीकडे हेच. आणि शिबिरांचं तर बोलूच नका. कुठल्यातरी जयंतीला मंडप लागतो, बोटाला टोचून शुगर, बीपी, वजन, एक केळं आणि फोटो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभराच्या सर्व्हेप्रमाणे, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. यातल्या प्रत्येकाला दोन पाय आहेत आणि ते वर्षातून एकदा तपासायचे असतात, टाइप-२ असेल तर निदान झालं त्याच दिवसापासून, टाइप-१ असेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी. पुस्तकात आहे, गाइडलाइनमध्ये आहे, फक्त मंडपात नाही.

तपासायला मोठं मशीन लागतं असंही नाही. आम्ही वापरतो तो मोनोफिलामेंट, दांडीला लावलेला नायलॉनचा जाडसर धागा. तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, वाकला की बरोबर १० ग्रॅमचा जोर पडतो, पेशंटचे डोळे मिटलेले, कळलं तर हो म्हणायचं. त्याच्या जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, तो झणकारून अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा, कंप कळतोय का. कंप आणि हा १० ग्रॅमचा स्पर्श जाड, वेगवान धाग्यांनी जातो, टोचणं आणि गरम-थंड बारीक धाग्यांनी, म्हणून दोन्ही बघावं लागतं. जाड धागे सेकंदाला तीस ते सत्तर मीटर पळतात, सगळ्यात बारीक धागे सेकंदाला जेमतेम मीटरभर. अंगठ्याला ठेच लागली की आधी एकदम कळ आणि मग क्षणभरानं तो ठणका जो येतो, तो वेगाच्या अशाच फरकामुळे, कळ येते ती बारीक धाग्यांतल्या जरा जलद धाग्यांनी आणि ठणका सगळ्यात बारीक, संथ धाग्यांनी, एकाच ठेचेची दोन पत्रं, एक स्पीड पोस्टनं एक साध्या टपालानं. आणि ठेच लागल्यावर आपण जे चोळत बसतो त्याला पण अर्थ आहे, जाड धाग्यांचा स्पर्शाचा सिग्नल कण्यापाशी दुखण्याच्या सिग्नलला थोडा अडवतो, मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हे मांडलं, आपल्या आज्यांना आधीपासून माहीत होतं.

नायलॉनचा धागा नसेल तरी घरी एक टेस्ट होते आणि माझी विनंती आहे की तुमच्या त्या चौकटीच्या जागी ही छापा. इंग्लंडमध्ये इप्सविच नावाचं गाव आहे तिथल्या डॉक्टरांनी काढलेली. पेशंटनं झोपून डोळे मिटायचे. दुसऱ्यानं तर्जनीच्या टोकानं पायाच्या बोटांच्या टोकांना फक्त टेकवायचं, एक-दोन सेकंद, अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं. पेशंटनं कळलं की उजवा किंवा डावा सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय, डॉक्टरकडे जाऊन पाय दाखवायचे. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, एकदा कळलं नाही म्हणून परत परत टेकवायचं नाही. नातवंडं हे फार आवडीनं करतात, फक्त त्यांना टिचकी मारू नको हे आधी बजावून ठेवा.

अजून काही खुणा आहेत ज्या लोक सांगतात पण कुणाला त्यांचा अर्थ लावता येत नाही. चालताना चप्पल पायातून निघून गेली आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळलं. फरशीवर चालताना गादीवर चालल्यासारखं वाटतं. बेसिनशी उभं राहून तोंडाला साबण लावला, डोळे मिटले की तोल जातो. हे शेवटचं लोकांना चक्कर वाटते आणि मग बीपीच्या मागे लागतात. खरं म्हणजे स्नायूंमध्ये, स्नायुबंधांमध्ये, सांध्यांमध्ये पण रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारी टोकं असतात, ते पाय कुठे आहे, गुडघा किती वाकलाय हे न बघता सांगत असतात, आणि ते सिग्नल कमी झाले की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. डोळे मिटले की संपलं. रात्री अंधारात बाथरूमला जाताना पडणारे आजोबा त्यातलेच. घरात एक नाइट लॅम्प लावा, फार खर्च नाही.

दुखणं नसण्याचं काय होतं हे आपल्या देशाला खरं तर सगळ्यात आधी कळायला हवं होतं, कारण कुष्ठरोगात आपण ते बघितलंय. पूर्वी लोकांना वाटायचं की या रोगानं बोटं आपोआप झडतात. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, ते १९४६ मध्ये भारतात आले, त्यांनी पेशंटचं रोजचं जगणं बारकाईनं बघून दाखवून दिलं की रोग नर्व्ह मारतो, संवेदना जाते, आणि मग बोटं जातात ती भाजून, कापून, जखमेवरून चालत राहून. म्हणजे दुखत नाही म्हणून. ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे तोच विचार मधुमेहाच्या पायांना लावला. कुष्ठरोग्यांसाठी ज्या मऊ सोलच्या एमसीआर चपला वापरतात त्याच आज आम्ही शुगरच्या बधीर पायांना सांगतो. मराठी माणसाला वरोऱ्याचं आनंदवन सांगायला लागत नाही, तिथल्या हातापायांच्या कहाण्या ऐकतच आपण मोठे झालो, पण आपल्या घरातल्या शुगरवाल्या वडिलांच्या पायात तीच गोष्ट चाललीय हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

अजून एक, सगळी बधिरता शुगरची नसते, आणि शुगरवाल्याची सुद्धा नसते. बी-१२ कमी झालं तरी अगदी असंच होतं, आणि आपल्याकडे शाकाहारी लोक किती, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ अजून खाली जाऊ शकतं. साधी रक्ताची टेस्ट आहे आणि इंजेक्शननं, गोळीनं ते भरून निघतं, तेव्हा पायाला मुंग्या म्हटलं की ती आधी करून घ्या. पण मेडिकलवाल्याकडून "नसांच्या ताकदीच्या" गोळ्या मनानं आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, त्यात बी-६ असतं आणि बी-६ जास्त झालं तर तेच उलट नर्व्ह खराब करतं. दारूनं पण नर्व्ह जातात, ते मी सांगितलं की बायका मान डोलावतात आणि नवरे खिडकीबाहेर बघतात.

देवळाचं पण लिहायचं का नाही विचार करत होते, पण लिहितेच. आपल्याकडे खजराण्याला, उज्जैनला, ओंकारेश्वरला सगळे जातात, मे महिन्यात दुपारी पण जातात, आणि अनवाणी प्रदक्षिणा घालतात. उन्हानं तापलेल्या दगडावर आपण टुणटुण उड्या मारत सावली गाठतो. बधीर पायवाला शांतपणे पूर्ण प्रदक्षिणा घालतो, लोक म्हणतात काय श्रद्धा आहे. संध्याकाळी दोन्ही तळव्यांना फोड. मी कुणाला देवळात जाऊ नका म्हणत नाही, माझी आई मलाच आधी घराबाहेर काढेल, पण सकाळी लवकर जा, आणि जाड मोजे घालून जा, देव मोज्यांवरून नाराज होत नाही. गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर चपला हरवून अनवाणी घरी येणारे पण बघितलेत, काचेचा तुकडा पायात घेऊन.

आणि गरम पाणीच हवं असेल, जुनी सवय आहे, बरं वाटतं, तर पाणी पायानं बघायचं नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातानं बघावं, कुणी नसेल तर आपल्या कोपरानं, कारण वर सांगितलं तसं कोपरापर्यंत बधिरता उशिरा पोचते. कोमट म्हणजे कोमटच, अंगाच्या तापमानापेक्षा जास्त नको. आणि भिजवत बसायचं तर नाहीच, कातडी भिजून फुगली की फाटते आणि मिठानं कोरडी पडते. धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तळवा आरशात बघा, झालं.

संपादक साहेब, तुमचा पेपर इथल्या मराठी घरांमध्ये सकाळच्या पोह्यांबरोबर वाचला जातो, आणि वाचणाऱ्यांची वयं आपल्या दोघांना माहीत आहेत. ज्यांनी तो उपाय कात्रण करून फ्रिजवर लावला असेल त्यांच्यासाठी येत्या आरोग्य पानावर स्पष्ट दुरुस्ती छापा, की बधीर पाय गरम पाण्यात बुडवू नयेत, आणि शेजारी ती सहा बोटांची टेस्ट. चित्र काढून द्यायला मी तयार आहे, फुकट. फक्त अक्षर जरा मोठं ठेवा, कारण ही चौकट ज्यांच्यासाठी आहे त्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे पण शुगरनंच अधू झालेले असतात.

कळावे,
आपली एक वाचक
फिजिओथेरपिस्ट, इंदूर